मुळशीचा सत्याग्रह : पाण्याखालची जमीन कोणाची?

पुण्याहून पौडच्या रस्त्यानें पश्चिमेस निघालें म्हणजे डोंगर हळूहळू जवळ येऊं लागतात आणि अखेर एका वळणावर मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो. शाळेंत इतिहास व भूगोल शिकवीत असतांना मी अनेक वेळां मुलांची सहल घेऊन तेथें गेलों आहें. एका वर्षीं सातवीच्या वर्गांतील एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, ह्या पाण्याच्या खालीं काय आहे?" मी म्हटलें, "शेतें आहेत, बाळ." तिनें लगेच विचारलें, "कोणाचीं?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें होतें. दुसऱ्याचें उत्तर मात्र एका शब्दांत देतां येण्याजोगें नव्हतें, आणि तेवढ्यांत मुलें डबे उघडून बसलीं, म्हणून तें तसेंच राहून गेलें. आजचें हें भाषण म्हणजे त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाला उशिरां कां होईना, पण दिलेलें उत्तर आहे असें समजावें.

मुळशी हा त्या काळीं पुणें जिल्ह्यांतील एक लहानसा पेटा होता. पेटा म्हणजे तालुक्याहून लहान असा मुलखाचा भाग. सह्याद्रीच्या अगदीं माथ्याशीं हा प्रदेश असल्यामुळें येथें पाऊस मुसळधार पडतो, आणि खोऱ्याच्या तळाशीं असलेल्या खाचरांत भात उत्तम पिकतें. मुळशीचा आंबेमोहोर तांदूळ पुण्याच्या घरांघरांतून आजहि नांवाजला जातो. येथील शेतकरी स्वतःस मावळे म्हणवीत. शिवछत्रपतींच्या पदरीं लढलेल्या मावळ्यांचे आपण वंशज, ही जाणीव त्यांच्या दारिद्र्यांतहि जिवंत होती. ह्या खोऱ्यांतून मुळा नदी वाहते. तिचा स्वाभाविक ओघ पूर्वेकडे आहे. ती पुण्यास मुठेला मिळते, पुढें भीमेंतून कृष्णेंत जाते आणि शेवटीं बंगालच्या उपसागरास पोंचते. भूगोलाची ही एवढी गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिचा संबंध येणार आहे.

मुंबईच्या कापडाच्या गिरण्या त्या काळीं कोळशावर चालत आणि तो कोळसा दूरवरून आणावा लागे. घाटमाथ्यावर पडणारें पावसाचें पाणी अडवून, तें नळांतून कोंकणांत एकदम खालीं सोडावें आणि त्याच्या जोरावर वीज उत्पन्न करावी, ही कल्पना टाटांच्या घराण्यानें प्रत्यक्षांत आणली. त्यासाठीं पहिली कंपनी १९१० सालीं निघाली, आणि १९१५ सालीं लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचें वीजघर सुरू झालें. त्यानंतर आंध्रा खोऱ्याची योजना झाली व तिचें भिवपुरीचें वीजघर १९२२ सालीं चालू झालें. तिसरी योजना मुळशीची. तिच्यासाठीं १९१९ सालीं टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. मुळा व निळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचें, पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस न्यावयाचें आणि कुलाबा जिल्ह्यांत भिरें येथें वीजघर उभारावयाचें, असा तो बेत होता. ह्या योजनेंतील कल्पकता नाकारण्याचें कांहींच कारण नाहीं. देशांतील भांडवल, देशांतील कर्तृत्व आणि देशांतील उद्योग ह्यांचा तो अभिमानास्पद मेळ होता.

परंतु नकाशावर जेथें जलाशयाची निळी शाई भरली गेली, तेथें सुमारें पन्नास गांवें वसलेलीं होतीं, आणि त्या गांवांतून सुमारें अकरा हजार माणसें राहत होतीं. त्यांना कोणी विचारलें नाहीं. जमीन रीतसर ताब्यांत येण्यापूर्वींच कंपनीच्या लोकांनीं शेतांतून चाचणीचे चर खणण्यास प्रारंभ केला, तेव्हां कोठें आपल्यावर काय ओढवणार आहे हें मावळ्यांस उमगलें. गांवोगांव सभा होऊं लागल्या. विनायकराव भुस्कुटे ह्यांनीं खोऱ्यांतील वाड्यावस्त्या पायांखालीं घालून लोकांना एकत्र केलें. पुण्याहून तरुण स्वयंसेवक आले, आणि पारनेरचे पांडुरंग महादेव बापट ह्या कामांत पडले. विलायतेस जाऊन शिकून आलेला आणि क्रांतिकारकांच्या संगतींत वावरलेला हा विद्वान गृहस्थ पूर्वीं आपल्या गांवीं हातांत झाडू घेऊन रस्ते झाडीत असे. मुळशीच्या लढ्यानेंच त्यांना 'सेनापति' ही पदवी दिली, आणि ती त्यांच्या नांवाला जन्मभर चिकटली. 'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा होती. तींत अलंकार मुळींच नव्हता, कारण ज्याच्या घरांत वर्षभराचें धान्य त्या एका खाचरांतूनच येतें, त्याला हीं दोन निरनिराळीं नसतात.

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सत्याग्रहास आरंभ झाला. पुरुष, बायका व मुलें मिळून सुमारें बाराशें माणसें धरणाच्या जागीं जाऊन बसलीं. कोणी हत्यार उगारलें नाहीं कीं कोणावर हात टाकला नाहीं. मजुरांनीं काम थांबविलें. सरकारदरबारीं ज्यांच्या अर्जाची दखल कोणी घेत नव्हतें, त्या अक्षरशत्रु माणसांनीं केवळ मांडी घालून बसण्यानें एका बलाढ्य कंपनीचें काम बंद पाडलें. गांधीजींनीं 'यंग इंडिया' पत्रांत ह्या प्रश्नावर लिहून टाटांना असें सुचविलें कीं, कायद्यानें मिळालेल्या हक्कावर अडून न बसतां त्यांनीं लोकांशींच विचारविनिमय करावा, आणि एकाहि गरिबाच्या इच्छेविरुद्ध त्याची जमीन घेऊन साधलेल्या देशहिताचें मोल तें काय, हें पाहावें. अखेर मध्यस्थी होऊन कंपनीनें सहा महिन्यांपुरतें काम तहकूब केलें. खोऱ्यांत लोकांना वाटलें, आपण जिंकलों.

येथेंच ह्या इतिहासांतील खरा अवघड भाग लागतो. स्वदेशाच्या लढ्यांचा इतिहास सांगतांना आपण बहुधा शत्रु बाहेरचा दाखवितों, परंतु मुळशीच्या लढ्याला भगदाड पडलें तें आंतून. खोऱ्यांतील पुष्कळशी जमीन कर्जापायीं सावकारांच्या नांवें गेलेली होती, आणि ह्या सावकारांपैकीं बरेचसे पुण्यास राहणारे होते. जमीन कसणारा मावळा वंशपरंपरेनें तीच जमीन कशीत असला, तरी सरकारी कागदावर तो केवळ कूळ होता. कूळकायद्याचें संरक्षण अद्याप जन्मास आलेलें नव्हतें. तो सर्वस्पर्शी कायदा मुंबई इलाख्यांत १९४८ सालीं झाला. म्हणजे जमीन गेली तर भरपाई मिळणार होती कागदावरच्या धन्यास, आणि उठून जावें लागणार होतें कसणाऱ्यास. अशा स्थितींत धन्याला जमिनीपेक्षां रोख रक्कम बरी वाटावी, ह्यांत नवल नाहीं. मावळे 'जमीन देणार नाहीं' म्हणत असतां सावकारमंडळी 'भरपाई किती देतां?' असा सवाल घालूं लागली. ज्या शहरांतून स्वयंसेवक मुळशीस धांवून गेले, त्याच शहरांतून मुळशीच्या जमिनीचा सौदाहि झाला. ही गोष्ट आपणां शहरवासीयांस कडू लागली तरी ती गिळलीच पाहिजे.

१९२१ च्या अखेरीस काम पुन्हां सुरू झालें. आतां कंपनीच्या पाठीशीं १८९४ चा जमीन संपादन कायदा उभा होता. सार्वजनिक कामासाठीं सरकारनें रयतेची जमीन सक्तीनें घ्यावी असा तो कायदा. आणि खाजगी कंपनीच्या कामासहि तो लावण्याची सोय त्यांत होती. सत्याग्रह पुन्हां सुरू झाला, परंतु ह्या वेळीं धरपकडीचा वरवंटा फिरूं लागला. मावळे व स्वयंसेवक तुरुंगांत गेले; बायकाहि गेल्या. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे ह्यांनींहि ह्या लढ्यांत १९२२ सालीं कारावास पत्करला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत चौरीचौऱ्याच्या प्रकारानंतर गांधीजींनीं असहकाराची चळवळ आवरती घेतली व पुढच्याच महिन्यांत ते स्वतः बंदिवासांत गेले. देशभरचा उत्साह ओसरला. एका कोपऱ्यांतल्या खोऱ्याकडे पाहण्यास कोणाला सवड उरली नाहीं. तरीहि मूठभर माणसें १९२४ पर्यंत झुंजत राहिलीं.

शेवट मात्र ज्या शांततेनें आरंभ झाला तीस शोभेसा झाला नाहीं. १९२४ च्या डिसेंबरांत बापटांनीं मोजक्या साथीदारांसह शस्त्र हातीं घेऊन धरणाच्या कामावरची आगगाडी अडविली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या निराशेचें कारण मी समजूं शकतों, परंतु रामनवमीच्या दिवशीं निःशस्त्र बसलेल्या बाराशें माणसांचें बळ त्या एका पिस्तुलांत नव्हतें, असें माझें नम्र मत आहे. धरण पुरें झालें. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर चालूं लागलें, आणि बंगालच्या उपसागराकडे जाणारें मुळेचें पाणी कुंडलिका नदींतून अरबी समुद्रास जाऊं लागलें. नदीची दिशा फिरली. भाताचीं खाचरें, देवळें, वाटा, सारें पाण्याखालीं गेलें, आणि खोऱ्यांतील माणसें जिकडे आसरा मिळेल तिकडे पांगलीं. घाटावरच्या दुष्काळी भागांतून हें पश्चिमेस वळविलेलें पाणी पुन्हां पूर्वेस सोडावें अशी मागणी आपल्या काळांतहि उठते, ती उगीच नव्हे.

मग हा लढा व्यर्थ गेला काय? हिशेब मांडला तर मावळ्यांना त्यांच्या जमिनीपैकीं एक वीतहि परत मिळाली नाहीं. परंतु इतिहासाची जमाखर्चाची वही इतक्या लवकर मिटत नसते. प्रा. राजेंद्र व्होरा ह्यांनीं ह्या लढ्यावर सविस्तर ग्रंथ लिहून त्याला जगांतील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलें आहे. धरण कोणासाठीं आणि बुडणार कोण, हा प्रश्न मुळशीच्या अडाणी शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं विचारला. त्याला कायद्यानें उत्तर देण्यास मात्र फार दिवस लागले. प्रकल्पांमुळें उठविल्या जाणाऱ्या लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानें १९७६ सालीं केला. १८९४ चा जुना कायदा जाऊन त्या जागीं नवा केंद्रीय कायदा २०१३ सालीं मंजूर झाला व १ जानेवारी २०१४ पासून अमलांत आला. ह्या कायद्याप्रमाणें खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर शेंकडा ८० जमीनधारक कुटुंबांची आगाऊ संमति लागते. आणि बाधित कुटुंबांत केवळ कागदावरचा धनी न धरतां, त्या जमिनीवर तीन वर्षें राबून पोट भरणारीं कुळें व शेतमजूरहि धरावे लागतात. ज्या फटींतून मुळशीचा लढा निसटला, ती फट बुजविण्यास जवळजवळ नव्वद वर्षें लागलीं. कायदा झाला म्हणजे न्याय झाला असें नव्हे. परंतु १९२१ सालीं मावळ्याला बोट ठेवून दाखवितां येईल असें एकहि कलम नव्हतें, तें आज आहे.

माझें हें भाषण ऐकणारे व वाचणारे बहुतेक जण शहरांत राहतात. आपण दिवा लावतों, पंखा फिरवतों, नळ सोडतों. हें सुख भोगूं नये असें मी म्हणणार नाहीं. मीहि तें भोगतोंच. परंतु शहराला लागणारें पाणी आणि वीज ह्या कोणाच्या तरी शिवारांतून येतात, ही आठवण घरांतल्या मुलांना करून देणें आपल्या हातीं आहे. आणि पुढें केव्हां एखाद्या लहान गांवचे लोक आपली जमीन, आपला ओढा, आपलें तळें राखण्यासाठीं उभे राहिले, तर त्यांना प्रगतीचे शत्रु म्हणण्यापूर्वीं त्या सातवींतल्या मुलीचा प्रश्न आपण स्वतःला विचारावा: ही जमीन कोणाची? कागदावर कोणाची, आणि घाम कोणाचा?

मुंबईंत माहीमपासून लोअर परळकडे एक लांब रस्ता जातो. तुळशी तलावाच्या पाण्याचा नळ त्या बाजूनें गेला, म्हणून लोक त्याला तुळशी पाइप रोड म्हणत. त्याच्या आसपास कापडाच्या गिरण्या होत्या. मुळशीचें खोरें बुडालें तें ज्या गिरण्यांच्या विजेसाठीं, त्यांचाच हा मुलूख. १९८२ च्या संपानंतर त्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांचीं धुराडीं थंड झालीं. रस्ता मात्र आहे, आणि आज त्याचें नांव सेनापति बापट मार्ग असें आहे. त्या रस्त्यानें जातांना पाटी दिसली, तर मुलांना एवढेंच सांगावें कीं, हा माणूस एका खोऱ्यांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनीसाठीं सात वर्षांच्या शिक्षेवर गेला होता. पुढचा प्रश्न मुलें आपणच विचारतील.