पिंजऱ्यात नक्की कोण?

आमच्या घरात तीन पिढ्यांनी सिंह पाहिला, आणि प्रत्येकीने वेगळ्या ठिकाणी. आजोबांनी सांगलीला सर्कशीत, बाबांनी मुंबईला राणीच्या बागेत आणि आम्ही भावंडांनी पोराबाळांसकट बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, बसच्या जाळीतून. रत्नागिरीच्या माणसाला सिंह बघायला गाव सोडावंच लागतं. पण या तीन जागांचा क्रम मला फार गमतीचा वाटतो.

राणीची बाग 1862 साली खुली झाली, प्राणी तिथे नंतर आले. तिथला हिशेब सरळ: जनावर गजाआड, माणूस मोकळा, हातात चण्यांची पुडी. सर्कस हा तर आपल्या मराठी माणसांचाच प्रांत. विष्णुपंत छत्रे हे मूळचे घोड्यांचे जाणकार. परदेशी सर्कस पाहून ते ईर्षेला पेटले आणि 1880 साली मुंबईत त्यांनी स्वतःची सर्कस उभी केली. पुढे देवल, कार्लेकर अशी नावं गाजली. सर्कशीत माणूस आणि सिंह एकाच रिंगणात, मध्ये फक्त एक चाबूक! 1998 च्या अधिसूचनेने वाघ-सिंहांचे खेळ बंद झाले, 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती बंदी कायम केली. आजोबा असते तर हळहळले असते. मला मात्र ते योग्यच वाटतं.

आता सफारी. हा शब्द स्वाहिली, अर्थ प्रवास. मूळ अरबी, म्हणजे आपल्या ‘सफर’चाच भाऊ! गाडीत बसून मोकळे सिंह बघायची टूम मात्र इंग्लंडची. 1966 साली लाँगलीट इथल्या उमरावाने आपल्या वाड्याभोवतीच्या जमिनीत सिंह सोडले. वाड्याचा खर्च झेपत नव्हता, म्हणून हा उद्योग. त्याचा भागीदार जिमी चिपरफील्ड होता सर्कसवाल्यांच्या घराण्यातला. म्हणजे सफारीची नाळसुद्धा सर्कशीलाच जोडलेली. आजूबाजूच्या लोकांनी आधी बराच आरडाओरडा केला, आणि मग गाड्यांची रांग लागली. माणूस सगळीकडे सारखाच!

ही कल्पना सत्तरच्या दशकात बोरिवलीला आली. फरक इतकाच, की इथे आपली गाडी न्यायची नाही, पार्काच्या जाळीवाल्या बसमध्येच बसायचं. पहिलं फाटक उघडतं, बस आत जाते, ते बंद झाल्यावरच दुसरं उघडतं. त्या दोन फाटकांमधल्या मिनिटभरात आमच्या बसमधली चाळीस माणसं एकदम गप्प झाली होती. आत्याने तर खाऊचा डबासुद्धा मांडीवर घट्ट धरला. सिंह झाडाखाली आडवा पडलेला. त्याने एकदा आमच्याकडे बघून जांभई दिली आणि मान वळवली. पोरं खूष. मला मात्र तेव्हा जाणवलं, की या वेळी गजाआड आपण आहोत.

पण तेसुद्धा पूर्ण खरं नाही. तो सिंहही कुंपणातच होता, फक्त कुंपण लांब होतं. एकेकाळी उत्तर आणि मध्य भारतात हिंडणारा हा प्राणी शिकारीमुळे एकट्या गीरपुरता उरला. 2022 मध्ये जुनागढच्या सक्करबागेतून सिंहाची एक जोडी बोरिवलीला आली, बदल्यात वाघांची जोडी तिकडे गेली. आपण तिकीट काढून बघतो ती अशी देवाणघेवाण असते. नागपूरलाही 26 जानेवारी 2021 ला गोरेवाड्याची सफारी सुरू झाली.

आणि खरी गंमत पुढेच आहे. त्याच नॅशनल पार्कात कुंपणाबाहेर पन्नासच्या आसपास बिबटे मोकळे फिरतात. त्यांचं तिकीट नाही. पाड्यांवरचे वारली त्यांना वाघोबा म्हणून पूजतात. 2004 च्या जूनमध्ये तिथे बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली. दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून सोडणं हे त्यामागचं एक कारण असल्याचं अभ्यासकांनी मांडलं. म्हणजे जनावर उचलून आपल्या सोयीच्या जागी ठेवायची सवय अंगाशी आली.

आमच्या रत्नागिरीकडे तर बिबट्याला सर्रास वाघच म्हणतात. गावोगाव वाघजाईचं देऊळ आहे. रात्री कुत्रा नेला, सकाळी विहिरीत गुरगुरतोय, मग वनखात्याची माणसं पिंजरा खाली सोडणार आणि सगळी वाडी काठावर जमणार... हे आम्हाला नवीन नाही. फोटो काढायला धक्काबुक्की होते ती तिथे. त्यात सफारीसारखी दोन फाटकं नसतात, आणि वाट चुकलेल्या त्या जनावराला जांभई देण्याची चैनही नसते.

सफारीला जरूर जा. पोरांनी सिंह बघावाच. पण परसातल्या विहिरीला कठडा बांधायला चार पैसे लागतात, ते आधी काढून ठेवा. बिबट्याही वाचेल आणि आपली पोरंही.