सह्याद्रीच्या माथ्यावरील पवनचक्क्या

डोंगरमाथ्यावर मनुष्यानें आपली खूण उमटवावी, ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. किल्ल्यांचे तट व देवळांचे कळस आज सह्याद्रीचे अवयवच भासतात. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीपासून सातारा जिल्ह्यांत चाळकेवाडीच्या आणि कोयना जलाशयावरील वनकुसवड्याच्या सड्यावर ज्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांची जात निराळी आहे. तट डोंगराची रेषा धरून चालतो. पवनचक्की ती रेषा छेदते, व सदैव फिरत राहून दृष्टीस स्वस्थ बसूं देत नाहीं. समर्थांच्या समाधीचें दर्शन घेऊन सज्जनगडाच्या तटाशीं आलेल्या यात्रेकरूस पलीकडील पठारावर त्यांची रांग दिसते. ती लपविण्यास उपाय नाहीं. कारण वारा जेथें अडत नाहीं, तेथें दृष्टिही अडत नाहीं.

या सौंदर्यहानीविषयीं हळहळणाऱ्या पुणेकरांनीं मुळशीचा इतिहास आठवावा. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं तेथें सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापटांनीं तुरुंगवास सोसला. तरीही १९२४ पर्यंत तो लढा मावळला, आणि मावळ्यांचीं भातखाचरें व घरें पाण्याखालीं गेलीं. वीज मात्र मुंबईस गेली. आज त्याच तलावाच्या कांठीं आम्ही सहकुटुंब सहलीस जातों आणि सृष्टिशोभेची प्रशंसा करितों! हॉलंडांतील किंडरडाइकच्या पवनचक्क्या अठराव्या शतकांत केवळ पाणी उपसण्याकरितां बांधल्या गेल्या. १९९७ सालीं त्यांचीच गणना जागतिक वारशांत झाली. तात्पर्य, डोळा सोशिक आहे आणि विसराळूही आहे.

म्हणून या वादांत डोळ्यास एकट्यालाच न्यायासनावर बसवूं नये, असें आम्हांस वाटतें. सडा कोणाचा होता, त्यास मोबदला काय मिळाला, आणि वीज कोणाच्या घरीं गेली, हे प्रश्न आधीं विचारावे. मनोरा उद्यां उतरवितां येईल; परंतु अवजड पातीं वर नेण्याकरितां फोडलेला कातळ व त्यावरील पावसाळी फुलांची पातळ माती पुन्हा सांधतां येणार नाहीं. पुणे जिल्ह्यांतील भीमाशंकराजवळच्या पवनचक्क्यांसाठीं झालेली वृक्षतोड व रस्ते यांची दखल माधव गाडगीळ समितीनें २०११ च्या अहवालांत घेतली आहे. कास पठारास २०१२ सालीं जागतिक वारशांत स्थान मिळालें, तें त्याच्या अशाच नाजूक मातीमुळें व फुलांमुळें.

वाऱ्याची वीज देशास हवी आहे, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु क्षितिज हें साऱ्या गांवाचें सामाईक धन आहे. तें वापरावयाचें असेल, तर जागा निवडण्याच्या दिवशींच त्या गांवास विचारलें पाहिजे. मुळशीस तें कोणी विचारलें नव्हतें.