इंधनभरण, बांधकामयंत्रांचे

बांधकामाच्या जागी पोकलेन, रोलर, काँक्रीट मिक्सर, जनित्र इत्यादी यंत्रांच्या टाक्यांत डिझेल वा पेट्रोल निर्धोकपणे भरण्याची क्रिया. रस्त्यावरचे वाहन इंधनाकडे जाते. येथे मात्र साखळीपट्ट्यांवर सरकणारे अवजड यंत्र पंपापर्यंत नेणे शक्य नसल्याने इंधनालाच यंत्राकडे यावे लागते, आणि पंपावरील फरसबंदी, छत व शिकलेला नोकर यांच्या जागी पिंप, हातपंप आणि नरसाळे एवढाच सरंजाम उरतो.

डिझेल पेट्रोलहून सौम्य, ही समजूत खोटी नसली तरी अपुरी आहे. ज्या तापमानास द्रवावरील वाफ ठिणगी लागताच पेटते तो प्रज्वलनांक पेट्रोलच्या बाबतीत शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सियस, तर भारतीय मानकानुसार डिझेलच्या बाबतीत किमान ३५ अंश असतो. सबब १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमाच्या वर्गवारीत पेट्रोल ‘अ’ आणि डिझेल ‘ब’ वर्गात मोडते, व ‘ब’ वर्गाचे इंधन, कोणतेही पात्र १,००० लिटरांहून मोठे नसल्यास, एकूण २,५०० लिटरांपर्यंत विनापरवाना बाळगता येते. परंतु विदर्भात वैशाखातली हवाच ४५ अंशांवर जाते, हे कायद्याच्या सवलतीवर विसंबणाऱ्याने ध्यानी घ्यावे. शिवाय ठिणगीवाचून, केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटण्याचा जो गुण डिझेलला एंजिनात उपयुक्त ठरवतो, तोच एंजिनाबाहेर घातक होतो : तापलेल्या धूरनळीवर सांडलेले डिझेल आपोआप पेट घेऊ शकते.

म्हणून यंत्र सपाट जागी उभे करून, बकेट जमिनीला टेकवून, एंजिन बंद करून ते निवू द्यावे. संध्याकाळी काम सुटल्यावर टाकी भरण्याचा जुना रिवाज या दृष्टीने शहाणपणाचा आहे. रात्रीच्या गारव्यात रिकाम्या टाकीतील दमट हवेचे पाणी होऊन ते इंधनात उतरणेही त्याने टळते. तथापि टाकी काठोकाठ भरू नये, कारण दर १० अंशांमागे डिझेल सुमारे ०·८ टक्के फुगते. पेट्रोलचा डबा वाहनाच्या हौद्यात ठेवून न भरता जमिनीवर ठेवून भरावा आणि नळीचे धातूचे तोंड डब्याला टेकलेले असावे, म्हणजे प्रवाहाच्या घर्षणाने साचणारी स्थिरविद्युत निचरून जाते.

पिंपातील डिझेल नळीने तोंडाने ओढून काढण्याची चाल सर्वांत निंद्य होय. घोट पोटात गेला तर मळमळीवर निभावते, असे कामगार सांगतात. पण थोडेसेही इंधन श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास प्राणघातक दाह होऊ शकतो, आणि घेतलेले पोटात असले तरी ओकारी काढण्याचा घरगुती उपाय तोच धोका नव्याने ओढवतो.

आग लागल्यास पाणी मारू नये. डिझेल पाण्यावर तरंगून ज्वाळा पसरवते. फेस, कोरडी रासायनिक भुकटी व वाळूच्या बादल्या यांचा बंदोबस्त भरणाच्या जागेजवळच असावा. त्या बादल्यांतील वाळू गवंड्याने परस्पर उचलली नाही ना आणि तीत विड्यांची थोटके साचली नाहीत ना, हे रोज पाहण्याचा जिम्मा मुकादमाचा.