यॉट अभिकल्पाचे पत्रद्वारा शिक्षण

यॉट अभिकल्पाचे पत्रद्वारा शिक्षण : टपालाने येणाऱ्या धड्यांच्या आधारे, नोकरी-व्यवसाय सांभाळून, यॉट व इतर लहान नौकांचे आराखडे करायला शिकण्याची पद्धत. विसाव्या शतकात ती अमेरिकेत रुजली. पूर्वी न्यू जर्सी राज्यातील माँटव्हिल येथे असलेले वेस्टलॉन विद्यालय ही तिची सर्वांत प्रसिद्ध संस्था होय.

पार्श्वभूमी : जहाजबांधणीचे उच्च शिक्षण अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते, वेब इन्स्टिट्यूटची स्थापना १८८९ ची. मात्र अशा शिक्षणाचा भर मोठ्या जहाजांवर होता. लहान नौकांचे अभिकल्पक बहुधा एखाद्या नामांकित कार्यालयात उमेदवारी करून तयार होत. अशा कार्यालयांपासून दूर राहणाऱ्या होतकरूंना पुस्तकांचाच आधार असे. नॉर्मन स्कीन यांचा एलिमेंट्स ऑफ यॉट डिझाइन (१९०४) हा ग्रंथ अनेक दशके वाचला गेला. पण वाचकाने काढलेल्या रेषेतली चूक पुस्तक दाखवू शकत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जेरल्ड टेलर व्हाइट व ई. एस. नेल्सन यांनी १९३० मध्ये वेस्टलॉन विद्यालय काढले.

अभ्यासक्रम : रेखाटन, विस्थापन, स्थैर्य, पाण्याचा विरोध, शिडांचा समतोल, इंजिन व पंखा यांची निवड, सांगाड्याची ताकद, अंतर्गत मांडणी आणि वजनाचा अंदाज असे विषय क्रमाने येतात. प्रत्येक धड्याअखेर स्वाध्याय असतो. विद्यार्थी गणिते व आराखडे पाठवतो. शिक्षक त्यांवर दुरुस्त्या व शेरे लिहून ते परत करतात. शेवटी संपूर्ण नौकेचा अभिकल्प करावा लागतो.

रेखाटनाची तपासणी : नौकेचा घाट कागदावर तीन बाजूंनी काढतात : बाजूने, वरून आणि नाळेकडून किंवा मागच्या टोकाकडून; या तिसऱ्या चित्रात नौकेचे आडवे छेद दिसतात. लांब वक्र रेषा काढण्यासाठी लवचिक पट्टी कागदावर ठेवून ती शिशाच्या वजनांनी जागोजागी दाबून धरतात. एखादे वजन उचलताच पट्टी तेथून सरकली, तर ती तेथे जबरीने वाकवलेली होती असे समजावे. तिन्ही चित्रांचा मेळ बसणे ही खरी कसोटी. पाचव्या छेदावर, दुसऱ्या जलरेषेच्या (पाण्याच्या पातळीला समांतर कापाच्या) उंचीला, नौकेची अर्धी रुंदी वरून काढलेल्या चित्रात जेवढी भरते तेवढीच ती छेदांच्या चित्रातही भरली पाहिजे. शिक्षक कर्कटकाने हे माप एका चित्रातून दुसऱ्यात नेऊन पाहतो. विद्यार्थी समोर नसला तरी चूक नेमकी सापडते. म्हणूनच हा विषय टपालाने शिकवता येतो.

विस्थापनाचे गणित : विस्थापन म्हणजे नौकेने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. त्यासाठी पाण्याखालील भागाचे घनफळ सिम्पसनच्या नियमाने काढतात. उदाहरणार्थ, जलरेषेवर ८ मी. लांबीच्या नौकेचे दर २ मी. अंतरावरील पाच छेद घेतले आणि त्यांची पाण्याखालील क्षेत्रफळे ०, ०.६०, ०.९५, ०.६५ व ० चौ. मी. आली. त्यांना अनुक्रमे १, ४, २, ४, १ ने गुणून बेरीज केली की ६.९ येते. तिला अंतराच्या एकतृतीयांशाने गुणले की घनफळ ४.६ घ. मी. मिळते. समुद्राच्या पाण्याची घनता दर घ. मी.ला १.०२५ टन धरल्यास विस्थापन सुमारे ४.७ टन होते. आता सांगाडा, कण्याखालचे शिसे, डोलकाठी, इंजिन, पाणी व माणसे यांच्या वजनांची बेरीज ५.२ टन भरली, तर नौका आखलेल्या जलरेषेपेक्षा खोल बसणार. अशा वेळी वजन कमी करावे लागते किंवा घाट बदलावा लागतो. एक आकडा हलला की शिडापासून सुकाणूपर्यंत अनेक गोष्टी पुन्हा तपासाव्या लागतात, ही या विद्येची मूळ शिस्त विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडते.

विद्यार्थी : जॅक हारग्रेव्ह यांनी वेस्टलॉनचा अभ्यासक्रम केला आणि फ्लोरिडातील वेस्ट पाम बीच येथे अभिकल्पाचे कार्यालय उघडले. त्यांनी आखलेली ४१ फुटी हॅटेरस (१९६०) ही फायबरग्लासच्या मोठ्या मोटारनौकांमधील आरंभीची महत्त्वाची नौका मानली जाते. रॉड जॉन्स्टन यांनीही वेस्टलॉनचे धडे घेतले होते. कनेक्टिकटमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी रॅगटाइम ही २४ फुटी शीडनौका बांधली. तिच्यावरून पुढे जे/२४ हा वर्ग निर्माण झाला. जगभर त्याच्या पाच हजारांहून अधिक नौका बांधल्या गेल्या.

मूल्यमापन : अभिकल्पक सहसा स्वतः नौका बांधत नाही. त्याचे कागद यार्डात जातात आणि त्यांवरून कारागीर काम करतात. समजावून सांगायला आपण जवळ नसताना आपला आराखडा दुसऱ्याला कळला पाहिजे, ही व्यवसायाची गरज पत्रद्वारा शिक्षणात पहिल्या स्वाध्यायापासूनच पुरी करावी लागते. नोकरीमुळे किंवा पैशाअभावी ज्यांना विद्यापीठ गाठता आले नसते, त्यांना या पद्धतीने एका अवघड व्यवसायाचे दार उघडून दिले, हे तिचे मोठे श्रेय आहे. मर्यादाही स्पष्ट आहेत. लाकूड कसे वाकते, राळ कशी घट्ट होते, वाऱ्यात कललेली नौका सुकाणूवर किती जोर मागते, हे टपालाने कळत नाही. त्यासाठी यार्डात व पाण्यावर वेळ घालवावाच लागतो. एकट्याने दीर्घकाळ अभ्यास रेटण्याची चिकाटीही लागते.

नंतरचा काळ : वेस्टलॉनचे नाव पुढे वेस्टलॉन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन टेक्नॉलॉजी असे झाले. प्रॉपेलर हँडबुक आणि द नेचर ऑफ बोट्स या ग्रंथांचे लेखक डेव्ह गेर हे काही काळ तिचे संचालक होते. संगणकामुळे घाट आखणे व विस्थापन काढणे क्षणांत होऊ लागले आणि टपालाची जागा इंटरनेटने घेतली. तरीही संगणकाने दिलेला आकडा पटण्याजोगा आहे का, हे ओळखण्यासाठी ते गणित हाताने करून पाहिलेले असणे आजही उपयोगी पडते.