जावळीच्या खोऱ्यात, शिवसागराच्या काठी

अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या कृष्णाकाठी राहणाऱ्या आपल्या माणसाला 'कोयना' हा शब्द पावसाळ्यात वेगळा शिकवावा लागत नाही. कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले, किती क्युसेक पाणी सुटले, यावर कुडचीच्या पुलाचे काय होणार याचा अंदाज गावोगाव बांधला जातो. २००५ आणि २०१९ या दोन सालांनी तर लहान पोरांनाही हे गणित शिकवले. पण ज्या तळ्यातून हे पाणी येते ते तळे कोठे आहे, त्याच्या काठावर काय आहे आणि तळाशी काय गेले आहे, हे विचारले तर आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरला जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांनी दोन दिवस काढून डोंगराच्या मागल्या अंगाला उतरावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोयना ही नदी थोडी तऱ्हेवाईकच म्हणायची. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या बहुतेक नद्या सरळ पूर्वेची वाट धरतात. ही मात्र महाबळेश्वरला उगम पावून सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकपाशी एकदम काटकोनात वळून पूर्वेला, कराडच्या प्रीतिसंगमाकडे निघते. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार, पूर्वेला बामणोलीची डोंगररांग आणि मध्ये हे चिंचोळे, दाट रानाचे खोरे. देशावरून यावे तर एक डोंगर चढून उतरायचा, कोकणातून यावे तर कडाच चढायचा. जावळीचा सारा इतिहास या एका भूगोलातून निघाला आहे. विजापूरच्या आदिलशाहीने 'चंद्रराव' हा किताब देऊन मोऱ्यांना येथे नांदू दिले, कारण या रानात स्वतः येऊन कारभार करणे कोणाच्याच सोयीचे नव्हते. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६५६ मध्ये जावळी घेतली तेव्हा त्यांच्या हाती मोऱ्यांच्या मुलखाबरोबर देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या घाटवाटांच्या किल्ल्याही आल्या. माणसेही आली. पुढे १६६५ साली पुरंदरावर पडलेला मुरारबाजी देशपांडे हा मूळचा मोऱ्यांच्याच पदरचा.

येथे प्रवाशांची एक गफलत नेहमी होते. जावळी तालुक्याचे ठाणे मेढा येथे आहे, म्हणून लोक मेढ्यात जाऊन जावळी विचारतात. मूळ जावळी गाव महाबळेश्वरच्या पायथ्याशी, प्रतापगडाच्या बाजूला आहे. अगदी लहान आहे, आणि मोऱ्यांच्या वैभवाची खूण शोधायला गेलेल्याच्या हाती झाडीशिवाय फारसे काही लागत नाही. त्यापेक्षा जवळच्या पार गावी जावे. रामवरदायिनीचे देऊळ पाहावे आणि कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल अवश्य पाहावा. प्रतापगडाच्या भवानीला गेलेली माणसे या पुलाकडे न वळताच परततात, याचे मला नेहमी नवल वाटते. गड पाहायला मिळतात; त्या काळचा वापरातला पूल कितीसा पाहायला मिळतो? अफझलखानाची फौज १६५९ च्या नोव्हेंबरात याच पारच्या परिसरात उतरली होती आणि १० नोव्हेंबरला गडाखाली तो प्रसंग घडल्यावर याच रानात तिची दाणादाण उडाली. पुलावर उभे राहून चारी बाजूंचे डोंगर पाहिले म्हणजे एवढी मोठी फौज येथे कशी कोंडली गेली असेल ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पारहून खाली नदी रुंद होत जाते आणि तापोळ्याजवळ तिचा जलाशय होतो. 'मिनी काश्मीर' असे तापोळ्याचे नाव हॉटेलवाल्यांनी रूढ केले आहे. तापोळ्याला स्वतःचे नाव असताना काश्मीरची उसनवारी कशाला, हे मला कळत नाही, असो. सोळशी आणि कांदाटी या दोन नद्या येथे कोयनेला मिळतात. साताऱ्याहून यायचे तर वाट कासवरून येते. सप्टेंबरात कासच्या कातळावर फुले असतात तेव्हा गर्दीही असते. दिवाळीनंतर फुले गेलेली असतात, पण रस्ता मोकळा असतो. कासचा तलाव मागे टाकून घाट उतरला की समोर बामणोली.

या भागातील गावांची सरकारी नावे जरा लक्ष देऊन वाचावीत. 'बामणोली तर्फ कुडाळ', 'दरे तर्फ तांब' अशी ती आहेत. तर्फ हा परगण्याचा जुना पोटविभाग. तर्फा गेल्या, परगणे गेले, राज्येही गेली, पण गावाच्या नावामागे तो कारभार अजून चिकटून आहे. (गोव्याकडच्या वाचकांसाठी सांगतो, हे कुडाळ सावंतवाडीजवळचे नव्हे, जावळीचे.) शाळेत इतिहास शिकवताना अशी एक पाटी मला चार सनावळ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

बामणोलीहून वनखात्याची परवानगी घेऊन वासोट्यासाठी यांत्रिक होडी मिळते. सुमारे दीड तास पाण्यावरून जायचे आणि मग दाट जंगलातून चढायचे. पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो आणि गडावर मुक्कामाला मनाई आहे, तेव्हा सकाळी लवकर निघावे हे उत्तम. गड शिलाहार भोज राजाने बांधला असे सांगतात. महाराजांनी त्याला 'व्याघ्रगड' नाव दिले. वर मारुती आणि महादेव यांची देवळे, पाण्याची टाकी, वाड्याचे चौथरे आणि बाबूकडा नावाचा छाती दडपून टाकणारा कडा आहे. त्याच्यासमोर उभा आहे तो जुना वासोटा. या समोरच्या डोंगराचे महत्त्व पुढे कळेल.

पेशवाईच्या उतारकाळात औंधचे पंतप्रतिनिधी परशुराम श्रीनिवास आणि दुसरा बाजीराव यांचे बिनसले. प्रतिनिधी कैदेत पडले असता त्यांच्या बाजूने उभी राहिली ती ताई तेलीण. हिने वासोटा हाती घेतला, प्रतिनिधींना सोडवले, आणि १८०६ साली पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांनी प्रतिनिधींना पुन्हा पकडल्यावरही गड खाली करून दिला नाही. बापूंसारखा सेनापती आठ महिने वेढा घालून बसला. गडावरील धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हा कोठे हे प्रकरण मिटले. ताई तेलिणीचे नाव पाठ्यपुस्तकात नाही. ते जिवंत ठेवले लोकांच्या तोंडच्या एका खट्याळ कवनाने. आमच्या शाळेच्या सहलीत एका मुलीने विचारले, "सर, तिचं आडनाव काय?" इतिहासाने ते जपलेले नाही. जात जपली, हुद्दा जपला नाही, हेही मुलांना सांगावे लागले.

बारा वर्षांनी हाच गड पुन्हा गाजला. इंग्रजांशी युद्ध सुरू झाल्यावर बाजीरावाने साताऱ्याच्या राजघराण्यातील माणसांना वासोट्यावर ठेवले होते, आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही येथे कैदेत होते. बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत कामी आले. मार्चअखेर जनरल प्रित्झलरची फौज या रानात शिरली. वासोट्यावर समोरून चढणे कठीण, हे ओळखून त्यांनी जुन्या वासोट्याच्या बाजूने तोफा डागल्या. जो गड बापूंपुढे आठ महिने टिकला, तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पडला. त्याच महिन्यात प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर बसवले. बाबूकड्यावर उभे राहिल्यावर मधली दरी आणि समोरची उंची डोळ्यांनी मोजता येते, आणि दुर्गमतेचे संरक्षण कोणत्या हत्यारापुढे संपले तेही कळते.

आता पाण्याविषयी. कोयनेचे धरण १९६४ साली पूर्ण झाले. उंची १०३ मीटर, साठा आज १०५ टीएमसीच्या घरात. जलाशयाला शिवसागर नाव मिळाले. खोऱ्यातील सुमारे शंभर गावे त्यासाठी उठली. पूर्वेला वाहणारे पाणी बोगद्याने पश्चिमेला वळवून पोफळीच्या भूमिगत केंद्रात पाडले जाते आणि वीज करून ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. पश्चिमेला वळवायच्या या पाण्यावर बच्छावत लवादाने ६७.५ टीएमसीची वार्षिक मर्यादा घातली आहे. मुंबईचे कारखाने या विजेवर चालले. आणि उठलेल्या गावांतील तरुण त्याच मुंबईत हमालीला गेले. काही कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा अनोळखी मुलखात वसवली गेली. काही मात्र पाणी चढेल तसतशी वर सरकली आणि डोंगराच्या उतारावर घरे बांधून राहिली. त्यांच्या वाट्याला पुढे १९८५ साली कोयना अभयारण्य आले, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवली असेच रिकामे झाले. एकदा पाण्यासाठी आणि एकदा वाघासाठी उठावे लागलेल्या माणसांपुढे पर्यावरणाचे व्याख्यान देताना माझी तरी जीभ अडखळते. रान राखले पाहिजे, हे मला मान्य आहे. पुनर्वसनाचे कागद तीन पिढ्या फिरत राहावेत, हे मान्य नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनानगरला जो भूकंप झाला त्यात सुमारे १८० माणसे गेली. धरणातील पाण्यामुळे भूकंप होतात का, या प्रश्नाचा जगभर अभ्यास झाला तो कोयनेमुळे. धरण तगले. पाटण, हेळवाक भागातील म्हातारी माणसे अजून वर्षे मोजताना 'भूकंपाच्या आधी' आणि 'नंतर' अशीच मोजतात.

अलीकडे या काठावर नवे वारे वाहू लागले आहे. 'नवीन महाबळेश्वर' नावाचा गिरिस्थान प्रकल्प रस्ते विकास महामंडळाकडे सोपवला गेला असून त्याच्या आराखड्यात दोनशेहून अधिक गावे येतात. रस्ते होतील, पूल होतील, रोजगारही येईल, आणि होडीशिवाय दवाखाना न गाठू शकणाऱ्या कांदाटी खोऱ्याला त्याची गरजही आहे. जमिनी मात्र कोणाच्या नावावर राहतील याकडे लक्ष ठेवले पाहिजे.

जाणाऱ्यांनी एक करावे. बामणोलीत होडी ठरवताना जरा वयस्क नावाडी पाहून बसावे आणि मध्यावर आल्यावर 'मामा, तुमचं जुनं गाव कुठं होतं?' एवढे विचारावे. आम्ही विचारले तेव्हा त्याने यंत्र बंद केले, एका बाजूचे टेकाड आणि दुसऱ्या बाजूची झाडे यांची रेघ हाताने जुळवली, आणि होडीच्या थोडे पुढे बोट दाखवून म्हणाला, "हितं देऊळ. त्याच्या वरल्या अंगाला आमचा गोठा." मे महिन्यात पाणी उतरले की काठावरच्या शेतांचे बांध अजून उघडे पडतात, तेव्हा तो तेथे जाऊन येतो.