आजारी माणसाचा विमा : बंद दारं कशी उघडत गेली

आम्ही पुण्याच्या कसबा पेठेतून बोलतोय. बचत गटाची बैठक संपत आली, हप्ते गोळा झाले, की आमच्याकडे एक प्रश्न हमखास निघतो. कुणाला मधुमेह असतो, कुणाची हृदयाची शस्त्रक्रिया झालेली असते, कुणी टीबीची औषधं नुकतीच पूर्ण केलेली असतात. त्या विचारतात, "आता आम्हाला कोण विमा देणार?" आणि शेजारची हळूच सांगते, "आजाराचं अर्जात लिहूच नको. कोण बघायला येतंय?" तुमच्या गावातही हेच बोललं जात असेल. म्हणून आज आयुर्विम्याचा थोडा इतिहास सांगतो. या दोन्ही वाक्यांचं उत्तर त्यातच आहे.

आपल्या देशातली पहिली आयुर्विमा कंपनी १८१८ साली कलकत्त्यात निघाली. तिचं नाव ओरिएंटल. ती मुख्यतः इथे राहणाऱ्या युरोपियन लोकांसाठी होती. पुढे हिंदी माणसांचा विमा उतरवला जाऊ लागला, तेव्हा त्यांच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. माणूस अगदी ठणठणीत असला तरी तो हिंदी आहे, एवढ्यावरूनच त्याच्या जिवाला धोका जास्त, असं धरलं जाई. १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था उभी राहिली आणि तिने आपल्या लोकांचा विमा नेहमीच्याच दराने उतरवायला सुरुवात केली. म्हणजे पहिली गोष्ट ही कळते, की कुणाच्या जिवाला किती धोका हे माणसंच ठरवतात, आणि ठरवलेलं बदलताही येतं.

पण तो विमा शहरातल्या नोकरदारांपुरता होता. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा पेठांतली घरंच्या घरं रिकामी झाली. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरातल्या बाईला आधार म्हणजे भाऊबंद, नाहीतर सावकार.

बायकांचं तर आणखीच वेगळं होतं. टपाल खात्याचा विमा १ फेब्रुवारी १८८४ रोजी सुरू झाला, तो खात्यातल्या नोकरांसाठी. १८९४ साली टपाल आणि तार खात्यातल्या बायकांनाही तो मिळू लागला. त्या वेळी दुसरी कुठलीच विमा कंपनी बाईच्या जिवाचा विमा उतरवत नव्हती. आज आपण गावच्या पोस्टात खातं काढतो, त्या खात्याने आपल्यासाठी हे दार सव्वाशे वर्षांपूर्वी उघडलं होतं.

आता आजारी माणसाकडे येऊ. विमा म्हणजे एका अर्थी मोठी भिशीच. सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आणि ज्याच्या घरी संकट येईल त्याला द्यायचं. पण भिशी दर महिन्याला एकाला मिळतेच. विम्यात कुणाची पाळी कधी येईल ते ठाऊक नसतं. आधीच आजारी असलेली माणसंच जास्त आली तर पेटी लवकर रिकामी होणार, म्हणून कंपन्या त्यांना टाळत. इंग्लंडमध्ये १८२४ साली क्लेरिकल मेडिकल नावाची संस्था निघाली. तिने दुखणेकरी माणसांचाही विमा जादा हप्ता घेऊन उतरवायला सुरुवात केली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यूयॉर्क लाइफ कंपनीत डॉ. ऑस्कर रॉजर्स आणि गणितज्ञ आर्थर हंटर यांनी गुण मोजायची पद्धत बसवली. सर्वसाधारण माणसाला १०० गुण धरायचे. आजार असेल तर त्यात गुण वाढवायचे, चांगल्या गोष्टी असतील तर कमी करायचे आणि बेरजेवरून हप्ता ठरवायचा.

यामुळे मोठा फरक पडला. आधी उत्तर नुसतं हो किंवा नाही असायचं. आता मधली उत्तरं आली. आजही विमा कंपनी साधारण अशीच उत्तरं देते : नेहमीच्या हप्त्यात घेऊ, जादा हप्ता घेऊन घेऊ, कमी रकमेचा देऊ, थोड्या महिन्यांनी परत या, किंवा घेता येणार नाही. शस्त्रक्रियेनंतर किंवा टीबीच्या उपचारानंतर "नंतर या" असं सांगितलं, तर तो कायमचा नकार समजू नका. बरं झाल्याचे कागद घेऊन पुन्हा अर्ज करता येतो. आणि एका कंपनीने नाही म्हटलं म्हणून सगळ्याच नाही म्हणतील असंही नसतं.

आपल्या महाराष्ट्रातही विमा हळूहळू मुंबईबाहेर आला. १९१३ साली साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी विम्याचं राष्ट्रीयीकरण केल्याचं देशाला रेडिओवरून सांगितलं. देशमुख आपल्या रायगड जिल्ह्यातले, महाडजवळच्या नाते गावचे. २४५ कंपन्या आणि संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. विमा खेड्यापाड्यांत पोचावा, हा त्यामागचा एक हेतू होता.

तरी दारात पाट्या होत्याच. स्वस्तातली एक मुदत पॉलिसी फक्त सरकारी किंवा नावाजलेल्या कंपन्यांतल्या पगारदारांनाच मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ती अट घटनेविरुद्ध ठरवली. पगाराची चिठ्ठी नाही म्हणून शेतात राबणाऱ्या माणसाला बाहेर ठेवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ साली कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. विम्याच्या गणिताचा आधार असल्याशिवाय नुसत्या एचआयव्हीच्या कारणावरून विमा नाकारता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

आपल्या कामाचं सगळ्यात मोठं दार मात्र गटाचं आहे. एकेकटीची तपासणी करण्याऐवजी सगळ्या गटाचाच विमा उतरवला, तर निरोगी आणि आजारी एकत्र येतात आणि धोका वाटला जातो. अमेरिकेत १९१२ साली माँटगोमेरी वॉर्ड या दुकानदार कंपनीच्या नोकरांसाठी असा मोठा गटविमा झाला. आपल्याकडे २००० साली जनश्री विमा योजना आली. वर्षाचा हप्ता २०० रुपये आणि त्यातला अर्धा सामाजिक सुरक्षा निधीतून. पुण्याच्या वस्त्यांत अन्नपूर्णा परिवाराने तर बायकांच्याच पैशांतून मृत्यू आणि आजारपणासाठी परस्पर मदतीचा निधी उभा केला.

२०१५ पासून प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आहे. बँकेत किंवा पोस्टात खातं असलेल्या १८ ते ५० वर्षांच्या कुणालाही त्यात जाता येतं, आणि ५५ वर्षांपर्यंत विमा चालू राहतो. वर्षाला ४३६ रुपये, मृत्यूनंतर वारसाला २ लाख. डॉक्टरी तपासणी नाही. पण नवीन नाव नोंदवल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. मे महिन्यात खात्यात पैसे नसले तर हप्ता कापला जात नाही आणि विमा तुटतो. परत सामील झालं की ते ३० दिवस पुन्हा मोजावे लागतात. तेव्हा गटाच्या मे महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीचं पासबुक बघाच.

आता त्या दुसऱ्या वाक्याचं. "अर्जात लिहूच नको." १९३८ च्या विमा कायद्यात ४५ वं कलम आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्याचा अर्थ असा, की पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला ती कोणत्याही कारणाने खोटी ठरवता येत नाही. पण त्या तीन वर्षांत दावा आला तर कंपनी दवाखान्याचे कागद तपासते. आजार लपवल्याचं सापडलं, तर पैसे हातचे जातात. आणि ते जातात तेव्हा सही करणारी बाई उत्तर द्यायला नसते. तिची लेकरं दारोदार फिरतात. जादा हप्ता भरलेली खरी पॉलिसी ही कमी हप्त्याच्या खोट्या पॉलिसीपेक्षा स्वस्तच पडते.

म्हणून अर्ज एजंटने भरला तरी सही करण्याआधी तो कुणाकडून तरी वाचून घ्या. आजार, औषधं, शस्त्रक्रिया, सगळं लिहा. अर्जाची प्रत आणि दवाखान्याचे कागद एकाच पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी कुठे आहे हे घरात दोघांना तरी सांगा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे आणि तक्रारीला पैसे पडत नाहीत.

एके काळी नुसतं हिंदी असणं हा आजार होता, बाई असणं हा आजार होता. ती दारं उघडली, कारण लोकांनी एकत्र येऊन ती ठोठावली. आपल्या गटातली आजारी मैत्रीण "मला कोण घेणार" म्हणाली, तर तिला म्हणा, "चल, आपण मिळून जाऊ."