गवत पाण्यासारखं दिसतंय

गेल्या महिन्याची गोष्ट. आम्ही ऑफिसमधले सात-आठ जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि प्रोजेक्टर लावून एकमेकांचे फोटो बघतो. चहा, सामोसे आणि "वा, काय क्लिक केलंयस!" असा साधारण कार्यक्रम. यावेळी एका मित्राने राजमाचीच्या वाटेवरचा, धुक्यातला एक फोटो लावला. सगळे "मस्त, मस्त" म्हणत होते. मी मात्र फार मोठा जाणकार असल्याच्या थाटात म्हणालो, "होरायझन वाकडा आहे रे. आणि सब्जेक्ट बरोब्बर मध्यावर आलाय. रूल ऑफ थर्ड्स वाच जरा." तो "हं, खरंय" म्हणाला आणि पुढचे चार फोटो न दाखवताच त्याने लॅपटॉप मिटला.

रात्री घरी आल्यावर ते काही डोक्यातून जाईना. मी खोटं काहीच बोललो नव्हतो. होरायझन वाकडाच होता. मग चुकलं कुठे? ऑफिसमध्ये कोड रिव्ह्यू करताना हीच चूक करणारे लोक मला लगेच ओळखता येतात, स्वतःची मात्र दिसली नाही. मग शनिवार-रविवार जुन्या फोटोग्राफर्सचं वाचत बसलो. त्यातून हाती आलेल्या या दोन-तीन गोष्टी.

हौशी लोकांनी जमून एकमेकांच्या फोटोंची चिरफाड करणं हा प्रकार फोटोग्राफीइतकाच जुना म्हणायला हरकत नाही. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ सालची. आपली मुंबईही मागे नव्हती, इथे १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाडांसारखी माणसं तिच्यात होती. तेव्हा फोटो काढणं म्हणजे काचेवर ओला रासायनिक थर चढवायचा, तो वाळायच्या आत एक्स्पोजर द्यायचं आणि लगेच धुवायचं. एवढी मारामारी करून फोटो नुसता स्वच्छ आणि रेखीव आला तरी लोक खूश. त्यामुळे चांगल्या फोटोचा नियमही तोच होता: स्वच्छ आणि रेखीव.

आणि इथे येते ज्युलिया मार्गारेट कॅमेरून. (हो, आडनाव खरंच कॅमेरून!) जन्म कलकत्त्याचा, १८१५ सालचा. १८६३ च्या डिसेंबरमध्ये मुलीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला तेव्हा बाई ४८ वर्षांच्या होत्या. आइल ऑफ वाइट बेटावरच्या घरी तिने कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीची डार्करूम. पुढच्याच वर्षी ती लंडनच्या सोसायटीची सभासद झाली आणि तिने प्रदर्शनात फोटोही पाठवले. मोठाले, अगदी जवळून घेतलेले चेहरे, कडा विरघळल्यासारख्या मऊ.

सोसायटीच्या नियतकालिकाने १८६५ साली त्यावर लिहिलं. आशय असा, की बाईंचं धाडस आणि नवेपणा मान्य, पण त्यापायी फोटोग्राफीचे बाकीचे सगळे गुण गेले. लुईस कॅरल (तोच, ॲलिसवाला, आणि स्वतः उत्तम हौशी फोटोग्राफर) यानेही एका पत्रात तिच्या मुद्दाम आउट ऑफ फोकस काढलेल्या फोटोंपैकी काही सुंदर तर काही चक्क भयंकर आहेत असं लिहून ठेवलंय.

गंमत म्हणजे टीकाकार सगळे चूक नव्हते. तिच्या काचांवर धूळ असायची, ओघळ असायचे, बोटांचे ठसे असायचे. पण चेहऱ्याचा मऊपणा आणि काचेवरचा ओघळ या दोन गोष्टी त्यांनी एकाच पारड्यात टाकल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर बग कुठला आणि फीचर कुठलं हे विचारलंच नाही. १८६४ च्या शेवटी तिने शास्त्रज्ञ जॉन हर्शेलला लिहिलेल्या पत्रात साधा प्रश्न टाकला: फोकस म्हणजे काय, आणि कुठला फोकस योग्य हे ठरवण्याचा हक्क कुणाला? पुढे तिच्या निगेटिव्हच्या थराला तडे जायला लागले तेव्हा १८६९ साली याच सोसायटीकडे ती सल्ला मागायला गेली. म्हणजे बाईंना सल्ल्याचं वावडं नव्हतं. जे तिने ठरवून केलं होतं त्याला चूक म्हटलेलं तिला चालत नव्हतं, इतकंच.

आता पन्नास वर्षं पुढे, न्यूयॉर्कला. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हे नाव फोटोग्राफीत रस असणाऱ्यांनी ऐकलेलं असेलच. हा स्वतः हौशी म्हणून वर आलेला माणूस. बर्लिनमध्ये शिकत असताना १८८७ साली त्याने 'अमॅच्युअर फोटोग्राफर' या इंग्लिश साप्ताहिकाच्या स्पर्धेत फोटो पाठवले. परीक्षक होता पीटर हेन्री इमर्सन, भयंकर चिकित्सक माणूस. त्याने इटलीतल्या बेलाजिओ गावच्या हसणाऱ्या पोरांच्या फोटोला पहिलं बक्षीस दिलं आणि म्हटलं, की सगळ्या एंट्रीजमध्ये उत्स्फूर्त असं हे एकच काम आहे. "छान फोटो" म्हणून तो थांबला नाही, काय छान आहे ते त्याने एका शब्दात नेमकं सांगितलं. २३ वर्षांच्या पोराला अजून काय हवं असतं?

पुढे हाच स्टिग्लिट्झ न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर २९१ नंबरच्या इमारतीत १९०५ पासून गॅलरी चालवायला लागला. १९०७ साली लुईस हाइन नावाचे एक शिक्षक आपल्या शाळेतल्या पोरांना घेऊन तिथे आले. त्या पोरांत सतरा वर्षांचा पॉल स्ट्रँड होता. तिथेच त्याने ठरवलं, आपण फोटोग्राफर व्हायचं. दुसऱ्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबात दाखल झाला आणि नंतर अधूनमधून आपले प्रिंट घेऊन २९१ ला जायला लागला.

तोपर्यंत जमाना उलटा झाला होता. ज्या मऊपणाबद्दल कॅमेरूनबाईंनी बोलणी खाल्ली तोच आता क्लबांचा लाडका झाला होता. फोटो चित्रासारखा, धूसर दिसला पाहिजे. त्यासाठी खास सॉफ्ट फोकस लेन्स मिळायच्या, आणि स्ट्रँडही तीच वापरत होता. म्हणजे १८६५ साली जो नियम होता त्याच्या बरोब्बर उलटा नियम १९१० साली होता, आणि दोन्ही वेळेला लोक तितक्याच आत्मविश्वासाने तो दुसऱ्याला सांगत होते!

स्ट्रँडने त्या काळच्या इतरही मोठ्या लोकांना फोटो दाखवले. क्लॅरन्स व्हाइट, गर्ट्रूड केझेबिअर. त्याने पुढे सांगितलंय की ते त्याच्याशी फार गोड वागले, पण उपयोग असा फारसा झाला नाही. उपयोग झाला स्टिग्लिट्झचा.

काय म्हणाला स्टिग्लिट्झ? स्ट्रँडला ते आयुष्यभर लक्षात राहिलं. सारांश असा: या लेन्समुळे सगळं एकाच मालाचं बनल्यासारखं दिसतंय. गवत पाण्यासारखं दिसतंय, आणि पाण्याचा पोत झाडाच्या सालीसारखा. एका गोष्टीला दुसरीपासून वेगळं करणारं जे काही असतं तेच तू गमावलंयस. हा साधेपणा आत्ता बरा वाटेल, पण तुला शेवटी जे म्हणायचंय त्याच्या तो आड येईल. आणि मग उपाय: लेन्सचं ॲपर्चर लहान कर.

मी हे चार-पाच वेळा वाचलं. यात "सॉफ्ट फोकस वाईट" असं कुठेच नाही. ते तो म्हणूच शकला नसता, कारण १९१३ साली स्वतःच्या 'कॅमेरा वर्क' या त्रैमासिकात कॅमेरूनबाईंचे तेच मऊ चेहरे त्याने मानाने छापले होते. तिच्या फोटोत मऊपणाने चेहरा जवळ येत होता. स्ट्रँडच्या फोटोत गवत आणि पाणी एक होत होतं. प्रश्न लेन्सचा नव्हता, त्या लेन्सने त्या फोटोचं काय केलं याचा होता. शिवाय दोष कशामुळे आला ते सांगितलं, आणि पोरगा घरी जाऊन दुसऱ्या दिवशी करून बघू शकेल असा उपायही सांगितला. आदर्श बग रिपोर्ट आणखी वेगळा काय असतो?

१९१५ साली स्ट्रँड नवे प्रिंट घेऊन आला. त्यात 'वॉल स्ट्रीट' होता. मॉर्गन बँकेच्या इमारतीच्या अवाढव्य काळ्या खिडक्या आणि त्यांच्याखालून लांब सावल्या टाकत चाललेली चिमुकली माणसं. स्टिग्लिट्झने मार्च १९१६ मध्ये त्याचं प्रदर्शन भरवलं. १९१७ चा 'कॅमेरा वर्क'चा शेवटचा जोडअंक तर पूर्ण स्ट्रँडच्या फोटोंचा होता. त्यातली ती गळ्यात 'ब्लाइंड' अशी पाटी घातलेली बाई तुम्ही कुठे ना कुठे नक्की पाहिली असेल. तोवर त्रैमासिकाचे वर्गणीदार चाळीसच्याही खाली आले होते. म्हणजे हा काही धंद्याचा हिशोब नव्हता.

स्टिग्लिट्झला देव करायची मात्र गरज नाही. माणूस हेकट होता, आणि आपल्या शब्दाबाहेर गेलेलं त्याला खपत नसे. स्ट्रँडचं आणि त्याचं पुढे फाटलं. १९०७ साली त्या गॅलरीत पाऊल टाकलं तो दिवस मोठा होता, पण १९३२ साली स्टिग्लिट्झच्या नव्या गॅलरीतून बाहेर पडलो तो दिवसही काही कमी चांगला नव्हता, असं स्ट्रँडने नंतर म्हटलंय. चांगला सल्ला देणाऱ्याच्याही सावलीतून कधीतरी निघावं लागतं. पण म्हणून गवत आणि पाण्याचा सल्ला खोटा ठरत नाही.

असो. रविवारी संध्याकाळी मित्राला फोन केला, सॉरी म्हणालो आणि तो राजमाचीचा फोटो परत मागितला. पाठवल्यावर आधी विचारलं, "तुला यात काय दाखवायचं होतं?" तो जरा थांबून म्हणाला, "अरे, पुढच्या लोकांचा आवाज येत होता, पण दिसत कुणीच नव्हतं. ते." मग मी परत बघितलं. त्या हिशोबाने होरायझन वाकडा असल्याने काही बिघडत नव्हतं, उलट पाय घसरल्यासारखं वाटून बरंच होतं. वाट मध्यावर होती तीही ठीक. पण उजव्या कोपऱ्यात एक भडक नारिंगी रेनकोट होता. नजर थेट तिकडेच जात होती आणि "दिसत कुणीच नव्हतं" याची वाट लागत होती. मी म्हटलं, "तो रेनकोटवाला कापून टाक, मग बघ."

तो हसायलाच लागला. म्हणाला, "कापला असता रे, पण तो तू आहेस." :)